पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर आणि हार्मोन रोखणारी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन होतं, गरज असेल तर केमो आणि रेडिएशन होतं, आणि मग डॉक्टर एक छोटीशी गोळी लिहून देतात: रोज एक, निदान पाच वर्षं. आधीच्या उपचारांच्या मानाने ती इतकी साधी वाटते की तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. खरं तर सगळ्यात जास्त काळ चालणारा उपचार हाच असतो आणि घरी एकटीने सांभाळायचाही हाच. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. तुमच्या बाबतीतला निर्णय अर्थातच तुमचे रिपोर्ट समोर ठेवून तुमचे कॅन्सरतज्ज्ञ घेतील.

रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलंय. म्हणजे काय?

तुमच्या गाठीतल्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन ओळखणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, सापडली आहेत. इस्ट्रोजेन त्यांना जाऊन चिकटलं की पेशीला वाढण्याचा, विभागण्याचा संदेश मिळतो. हे हार्मोन रोखलं की तो संदेशच थांबतो, आणि या औषधांचं काम एवढंच आहे. 'पीआर' हा प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर असतो.

तपासलेल्या कॅन्सरपेशींपैकी १ टक्का पेशींमध्ये जरी ईआर दिसला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. मात्र १ ते १० टक्के असेल तर तो 'लो पॉझिटिव्ह'. तिथे या औषधांचा फायदा किती होईल याची खात्री कमी असते, आणि तसं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावं. स्तनाच्या कॅन्सरच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण सात-आठ जणींचा कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह असतो, आणि वय वाढतं तसं हे प्रमाणही वाढतं. दोन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असतील तर या गोळ्यांचा उपयोग नाही. ओळखीतल्या कुणाला चालल्या म्हणून आपल्यालाही चालतील, असं होत नाही.

माझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली. मग इस्ट्रोजेन येतं कुठून?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण अख्ख्या उपचाराची किल्ली त्यातच आहे.

पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ बंद करतं. पण मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲन्ड्रोजेन गटातली हार्मोन बनवतच राहतात. शरीरातली चरबी, स्नायू, त्वचा, यकृत आणि खुद्द स्तनाच्या ऊतींमध्ये ॲरोमाटेझ नावाचं एक एन्झाइम असतं, ते या ॲन्ड्रोजेनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. रक्ततपासणीत इस्ट्रोजेन नगण्य दिसलं तरी स्तनाच्या आत ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असू शकतं. काही गाठी तर स्वतःपुरतं इस्ट्रोजेन जागच्या जागी तयार करतात. अंगावर चरबी जास्त असेल तर ॲरोमाटेझही जास्त. पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन आणि स्तनाचा कॅन्सर यांचा जो संबंध सांगितला जातो, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

मग औषधं नेमकी कोणती?

पहिला गट ॲरोमाटेझ इनहिबिटरचा. हे एन्झाइमच बंद पाडतात, त्यामुळे इस्ट्रोजेन तयारच होत नाही. यात तीन गोळ्या येतात: ॲनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम, लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. तिन्ही दिवसातून एकदाच घ्यायच्या. एक्झेमेस्टेन जेवणानंतर घ्यावी, तेव्हा ती नीट शोषली जाते. बाकी दोन कधीही चालतात, फक्त वेळ ठरलेली असली की विसरायला होत नाही.

दुसरं औषध टॅमॉक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम. हे इस्ट्रोजेन कमी करत नाही, तर रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. तिसरं फुलवेस्ट्रंट. याचं इंजेक्शन असतं, ते रिसेप्टरच मोडून टाकतं आणि मुख्यतः पसरलेल्या आजारात वापरतात.

पाळी गेल्यानंतरचा त्रास कमी करायला म्हणून हार्मोनच्या गोळ्या दिल्या जातात, त्या याच्या अगदी उलट्या. त्या शरीरात इस्ट्रोजेन घालतात. तुम्ही त्या घेत असाल किंवा पूर्वी घेतल्या असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

ॲरोमाटेझ इनहिबिटरच्या तीन गोळ्यांपैकी सगळ्यात चांगली कोणती?

समोरासमोर तुलना झाल्या आहेत आणि कॅन्सर रोखण्यात तिघींमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळलेला नाही. मैत्रिणीला एक दिली आणि तुम्हाला दुसरी, यात कमी-जास्त काही नाही. अंगाला जी मानवेल ती तुमच्यासाठी चांगली.

टॅमॉक्सिफेन जुनं आणि नावाजलेलं आहे. मग ते का नाही?

पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ॲरोमाटेझ इनहिबिटर थोडे सरस ठरले आहेत. सुमारे ३२,००० स्त्रियांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या गटात दहा वर्षांत १४.२ टक्के स्त्रिया स्तनाच्या कॅन्सरने दगावल्या, तर पाच वर्षं ॲरोमाटेझ इनहिबिटर घेतलेल्या गटात १२.१ टक्के. फरक मोठा नाही, पण खरा आहे.

मात्र टॅमॉक्सिफेन घ्यावं लागलं म्हणजे दुय्यम उपचार मिळाला, असं मनात आणू नका. काहीच न घेण्याच्या तुलनेत पाच वर्षांचं टॅमॉक्सिफेन कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. हाडं आधीच ठिसूळ असतील, किंवा दुसऱ्या गोळ्यांनी सांधे अगदीच धरले असतील, तर तेच योग्य. शिवाय ते हाडांना सांभाळतं. त्याचे धोके वेगळे आहेत: पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरांत रक्ताची गुठळी, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. ते घेत असताना योनीतून थोडा जरी रक्तस्राव झाला, डाग जरी दिसला, तरी लगेच दाखवा. एक पाय अचानक सुजून दुखायला लागला किंवा एकाएकी धाप लागली, तर थेट इमर्जन्सीत जा. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी आधी काही काळ थांबवायची का, हे सर्जनना विचारून घ्या.

केमो सुरू झाल्यावर माझी पाळी थांबली. म्हणजे आता मी या गोळ्या घेऊ शकते ना?

थांबा. केमोमुळे थांबलेली पाळी परत येऊ शकते. आणि पाळी दिसत नसली तरी अंडाशय आतून काम करत असू शकतं. अशा वेळी नुसता ॲरोमाटेझ इनहिबिटर दिला तर तो निरुपयोगी ठरतोच, वर मेंदूकडून अंडाशयाला 'आणखी इस्ट्रोजेन बनव' असा उलटा संदेश जाऊ शकतो. वय साठच्या पुढे असेल किंवा दोन्ही अंडाशयं काढलेली असतील तर प्रश्न उरत नाही. त्याआधीच्या वयात रक्तातलं एफएसएच (अंडाशयाला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) आणि इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) तपासून, गरज पडल्यास पुन्हा पुन्हा तपासून, मगच ठरवतात. गोळी सुरू असताना पाळीसारखा रक्तस्राव झाला तर तो दुर्लक्ष करण्याचा विषय नाही. डॉक्टरांना फोन करा.

गोळी चालू असूनही तिचा उपयोग होतोय हे कळणार कसं?

खरं सांगायचं तर तसं दाखवणारी तपासणी नाही. इस्ट्रोजेनची पातळी मोजत बसायची गरज नसते. कसलंही लक्षण नसताना दर काही महिन्यांनी ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) किंवा पेट स्कॅन (सगळ्या शरीराचा स्कॅन) करूनही फायदा होत नाही, उलट खोट्या धोक्यांनी जीव टांगणीला लागतो. नियमित भेट, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एवढं पुरतं.

मला या उपचारातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटते. सांधे दुखतात ते रोज कळतं. पण गोळीमुळे जो आजार परत आला नाही, तो कधीच दिसत नाही. म्हणूनच कितीतरी जणी वर्ष-दोन वर्षांत गोळी बंद करतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. डॉक्टरांनी रागवावं असं यात काही नाही. त्रास खराच असतो. पण तो न सांगता गोळी सोडली, तर त्रासावरचे उपायही हातचे जातात, आणि उपाय बरेच आहेत.

सकाळी उठताना बोटं आखडलेली असतात, गुडघे धरतात. हे गोळीमुळे?

बहुधा हो. ॲरोमाटेझ इनहिबिटर घेणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांना कमी-अधिक सांधेदुखी होते. सुरुवात साधारण दोन-तीन महिन्यांत होते, दोन्ही बाजूंना सारखी, आणि सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर जास्त. हातांना मुंग्या येणं, बोट वाकवलं की अडकणं, हेही यातच येतं. वय झालं म्हणून दुखतंय असं समजून सोसत बसू नका.

काय करता येतं? सगळ्यात पहिला उपाय म्हणजे हालचाल. दुखतंय म्हणून विश्रांती घ्यावीशी वाटते आणि विश्रांतीने सांधे आणखी आखडतात. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, असा कार्यक्रम वर्षभर पाळलेल्या स्त्रियांची सांधेदुखी पद्धतशीर अभ्यासात खरोखर कमी झाली आहे. पहिले काही आठवडे फरक जाणवणार नाही, तरी सोडू नका. ड जीवनसत्त्व कमी आहे का, ते तपासून घ्या. साध्या वेदनाशामक गोळ्या काही दिवसांपुरत्या चालतात, पण मूत्रपिंड, पोट किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. ॲक्युपंक्चरने काहींना आराम पडतो. ड्युलोक्सेटिन नावाचं औषधही काही जणींना लागू पडतं.

तरीही भागलं नाही, तर डॉक्टर दोन-चार आठवडे गोळी थांबवतात आणि मग त्याच गटातली दुसरी देतात. एक सोसवत नाही म्हणून दुसरीही सोसणार नाही, असं मुळीच नाही. बऱ्याच जणी दुसऱ्या गोळीवर वर्षानुवर्षं राहतात. तेही जमलं नाही तर टॅमॉक्सिफेन आहेच.

एक दुखणं मात्र वेगळं ओळखा: एकाच जागी, हाडात खोल, रात्री झोपेतून उठवणारं आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं. ते गोळीच्या नावावर खपवू नका, दाखवा.

हाडं ठिसूळ होतील अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. इस्ट्रोजेन हाडांना धरून ठेवतं, आणि आपण ते जवळजवळ शून्यावर आणतोय. या गोळ्यांवर हाडांची घनता वर्षाला साधारण २ टक्क्यांनी घटू शकते. म्हणून गोळी सुरू करतानाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यावा आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी. कुणी सुचवला नसेल तर स्वतःहून मागा. रिपोर्टमधला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि औषध लागतंच. त्याच्या थोडं वर असलं तरी वय, आधी झालेलं फ्रॅक्चर, स्टेरॉइडचा वापर, सिगारेट हे सगळं पाहून ठरवतात.

कॅल्शियम दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅम हवं, शक्यतो आहारातून, आणि उरलेलं गोळीने. सोबत ड जीवनसत्त्व. हाडांवर भार पडेल असा व्यायाम हवा, म्हणजे चालणं, जिने चढणं, वजन उचलणं. पोहणं अंगाला चांगलं, पण हाडांना त्याचा तितका उपयोग नाही.

औषधांत झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन दर सहा महिन्यांनी देतात. या गटातल्या औषधांनी पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये कॅन्सर हाडात परत येण्याचं प्रमाणही थोडं घटतं, म्हणून हाडं बरी असूनही काही वेळा ते सुचवतात. दुसरं डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, तेही दर सहा महिन्यांनी. ते मनाने बंद करू नका किंवा त्याची तारीख पुढे ढकलू नका. थांबवल्यावर हाडांची झीज एकदम उसळते आणि मणक्यांची फ्रॅक्चर होऊ शकतात. थांबवायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं. या दोन्हींच्या आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि दात काढणं वगैरे कामं उरकून घ्या, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास होतो.

अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते.

टॅमॉक्सिफेनमध्ये हे जास्त, पण ॲरोमाटेझ इनहिबिटरमध्येही होतं. सुती कपडे, थंड खोली, रात्री चहा-कॉफी आणि दारू टाळणं यांनी थोडा फरक पडतो. त्रास जास्त असेल तर बिनहार्मोनची औषधं आहेत: व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, ऑक्सिब्युटिनिन. यातली काही मुळात दुसऱ्याच आजारांवरची आहेत, त्यामुळे चिठ्ठी वाचून 'मला हे का दिलं' असं वाटू शकतं. झोप मोडल्याने चिडचिड, उदासी, विसराळूपणा वाढतो. त्याबद्दलही बोला, तो स्वभावाचा दोष नाही.

योनीमार्ग कोरडा पडलाय, संबंध नकोसे वाटतात. हे डॉक्टरांना कसं विचारू?

जसं इथे विचारलंत तसंच. हा त्रास फार जणींना होतो आणि फार थोड्या जणी बोलतात. मनाची तयारी होत नसेल तर कागदावर लिहून द्या, नाहीतर नर्सला सांगा.

आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचं बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी ल्युब्रिकंट, ही सुरुवात. दोन्हींची कामं वेगळी आहेत. एक कायमचा ओलावा राखतं, दुसरं त्या वेळचं घर्षण कमी करतं. वारंवार लघवीची जळजळ होत असेल तर तीही याच कोरडेपणाची भावंड असू शकते. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबाबत जपून. ॲरोमाटेझ इनहिबिटर चालू असताना ते स्वतःहून अजिबात वापरू नका. बाकी सगळं करूनही त्रास असह्य असेल तरच कॅन्सरतज्ज्ञांशी बोलून, तोलून-मापून ठरवायची ती गोष्ट आहे.

केस, वजन, कोलेस्ट्रॉल?

केस विरळ होऊ शकतात, केमोसारखे सगळे जात नाहीत. ॲरोमाटेझ इनहिबिटरवर कोलेस्ट्रॉल वाढू शकतं, म्हणून वर्षातून एकदा तपासा आणि रक्तदाबाकडेही लक्ष ठेवा. वजनाचा दोष सगळा गोळीचा नसतो, पण ते आटोक्यात ठेवण्याला इथे दुहेरी अर्थ आहे.

सोबत दुसरी औषधं चालतात का? काढे, जडीबुटी, सोयाबीन?

टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं खरं कामाचं रूप बनतं. नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्या त्यात आडव्या येतात. तेव्हा दुसरं औषध निवडावं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम टॅमॉक्सिफेनमुळे वाढतो. टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी एक्झेमेस्टेनचा असर घटतो.

आहारातलं सोयाबीन चालतं. पण सोयाच्या अर्काच्या गोळ्या, 'हार्मोन संतुलन' करणारी चूर्णं, रजोनिवृत्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या कॅप्सूल टाळाव्यात. त्यात इस्ट्रोजेनसारखे घटक असू शकतात आणि किती आहेत ते कळायला मार्ग नसतो. वनस्पती आहे म्हणून निर्धोक, हे गृहीत धरू नका.

एखाद्या दिवशी गोळी विसरले तर?

त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

आईचं वय ८२ आहे. ऑपरेशनऐवजी नुसत्या गोळीवर ठेवलं तर?

हृदय, फुप्फुसं भूल सोसण्याच्या स्थितीत नसतील तर हा मार्ग आहे, आणि गाठ बऱ्याचदा लहान होते, काही वर्षं शांत राहते. पण ऑपरेशन सोसण्याजोगी तब्येत असेल तर फक्त वयामुळे ते टाळू नये. स्तनातला आजार ऑपरेशनने जास्त चांगला आटोक्यात राहतो. मधला मार्गही आहे: आधी चार-सहा महिने गोळी देऊन गाठ लहान करायची आणि मग छोटं ऑपरेशन. आईला काय हवंय, हे मात्र आईला विचारा. मुलांनी आपसात ठरवून टाकू नये.

या गोळीमुळे केमो टळते का?

काही जणींची टळते. हर-टू निगेटिव्ह (म्हणजे पेशींची वाढ करणारं हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या) आणि काखेतल्या लिम्फ गाठींत न पोचलेल्या, किंवा त्यातल्या एक ते तीनच बाधित असलेल्या कॅन्सरमध्ये गाठीच्या जनुकांची तपासणी करतात. ऑन्कोटाइप डीएक्स या तपासणीत पाळी गेलेल्या स्त्रीचा स्कोअर २५ किंवा त्याहून कमी आला, तर केमोने जास्तीचा फायदा होत नाही असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे.

कॅन्सर हाडात, फुप्फुसात पसरलाय. मग हार्मोन रोखणारी गोळी कशाला, थेट केमो का नाही?

ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आजारात पसरलेला असतानाही सुरुवात सहसा याच औषधांनी करतात, आणि ते कमी दर्जाचं पाऊल नाही. ॲरोमाटेझ इनहिबिटर किंवा फुलवेस्ट्रंटसोबत पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा ॲबेमासिक्लिब यांपैकी एक गोळी जोडली की आजार बराच जास्त काळ ताब्यात राहतो. या गोळ्यांवर रक्तपेशी नियमित तपासाव्या लागतात. ॲबेमासिक्लिबने जुलाब होतात, रायबोसिक्लिबसाठी ईसीजी पाहतात. आजार फार वेगाने वाढून यकृतासारखा अवयव निकामी होऊ पाहत असेल तर मात्र केमोचा विचार होतो. पुढे औषध चालेनासं झालं तर ईएसआर-१, पीआयके-३-सीए अशा जनुकांतले बदल तपासून पुढची गोळी निवडतात. आजार पसरलेला नसला, पण परतण्याचा धोका जास्त असला, तर यातली ॲबेमासिक्लिब दोन वर्षं किंवा रायबोसिक्लिब तीन वर्षं, हार्मोन रोखणाऱ्या गोळीला जोडून दिली जाते.

पाच वर्षं की दहा?

या प्रकारचा कॅन्सर चिवट असतो. पाच वर्षांनंतर, दहा-पंधरा वर्षांनंतरही तो परत येऊ शकतो. पाच वर्षं गोळ्या पूर्ण केलेल्या स्त्रियांचा पुढचा मागोवा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान गाठ आणि काख स्वच्छ असलेल्यांत निदानापासून २० वर्षांपर्यंत दूर पसरण्याचा धोका सुमारे १३ टक्के होता, तर मोठी गाठ आणि चार ते नऊ लिम्फ गाठी बाधित असलेल्यांत ४१ टक्के. त्यांचे उपचार जुन्या काळातले होते, आज चित्र यापेक्षा बरं असावं, पण दोन टोकांमधलं अंतर लक्षात घ्या.

म्हणून सगळ्यांना एकच उत्तर नाही. धोका कमी असेल तर पाच वर्षं पुरे. काखेत आजार होता तर सात-आठ वर्षांपर्यंत वाढवणं बहुतेकदा योग्य. ऑस्ट्रियातल्या एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनंतर आणखी दोन वर्षं ॲनास्ट्रोझोल आणि आणखी पाच वर्षं, यांचा परिणाम सारखाच आला. पाच वर्षं दिलेल्या गटात फ्रॅक्चर मात्र जास्त झाली. केवळ 'असू दे अजून' म्हणून दहा वर्षं ओढण्याला माझ्या मते आधार नाही.

गोळ्या संपल्या. आता काय बघायचं?

औषधाचा फायदा त्या दिवशी संपत नाही, पुढची काही वर्षं टिकतो. सांधे सहसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोकळे होतात. डेनोसुमॅब चालू असेल तर हार्मोन रोखणारी गोळी संपली म्हणून तेही बंद करू नका, आधी त्याच्या पुढच्या औषधाची तारीख घ्या. मॅमोग्राफी दरवर्षी चालू ठेवा. काखेत किंवा गळ्याच्या हाडावर नवी गाठ, टाक्यांच्या जागी पुरळ किंवा घट्टपणा, न थांबणारा कोरडा खोकला, कारण नसताना घटणारं वजन, हाडातलं वाढतं दुखणं, यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकलं तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता दाखवा, मग गोळी संपून एक वर्ष झालेलं असो की पंधरा.